अंगणातील दाणापाणी : पक्षिनिरीक्षण, छायाचित्रण आणि दात्याची जबाबदारी

सारांश

घराच्या अंगणात, परसात किंवा सज्जात पक्ष्यांसाठी दाणा व पाणी ठेवणे ही आपल्याकडे भूतदयेची आणि अलीकडे छंदाची बाब समजली जाते. प्रस्तुत लेखात या कृतीकडे निसर्गातील एक हस्तक्षेप म्हणून पाहिले आहे. ब्रिटन व उत्तर अमेरिका येथील अंगणातील निरीक्षणांचा अनुभव, तेथे उद्भवलेले पक्ष्यांचे रोग आणि मुंबईतील कबुतरखान्यांचा प्रश्न यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, दाणा ठेवणाऱ्यावर निरीक्षण, नोंद आणि स्वच्छता यांची जबाबदारी येते. दिनांकित छायाचित्र हे त्या जबाबदारीचे सहज उपलब्ध साधन आहे. महाविद्यालयीन परिसरात हा उपक्रम कसा राबविता येईल याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : दाणापाणी, पक्षिनिरीक्षण, छायाचित्रण, नागरिक विज्ञान, पारवा, महाविद्यालयीन परिसर.

प्रस्तावना

मराठी घरात मुलाची पक्ष्यांशी पहिली ओळख बहुधा जेवणाच्या ताटावर होते. एक घास चिऊचा, एक घास काऊचा असे म्हणत आई मुलाला भरविते. पितृपक्षात कावळ्यासाठी पान वाढले जाते. कोकणात दाराला भाताच्या लोंब्यांचे तोरण बांधण्याची रीत आहे आणि त्या लोंब्यांतील दाणे चिमण्या टिपून नेतात. त्याच वेळी ज्वारी-बाजरीच्या शेतात माचाणावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकण्याचे कामही हाच समाज पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. दारातील पक्ष्याला दाणा आणि शेतातील पक्ष्याला गोफण, या दोन्ही गोष्टी एकाच जीवनाच्या बाजू होत. दारातले देणे मूठभर होते, ऋतूशी बांधलेले होते आणि त्याला मर्यादा होती.

शहरी जीवनात हे चित्र पालटले आहे. शेत दूर गेले, अंगणाची जागा सज्जाने घेतली आणि बाजारात प्लॅस्टिकचे टांगते दाणापात्र सहज मिळू लागले. भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्यामुळे दाणापात्रावर आलेल्या पक्ष्याचे छायाचित्र घेणे कोणासही शक्य झाले. ही प्रवृत्ती स्वागतार्ह आहे यात शंका नाही. तथापि दाणा ठेवल्यानंतर पुढे काय होते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. कोणता पक्षी येतो, कोणता येत नाही, आलेल्यांपैकी कोण वाढतो आणि कोण आजारी पडतो, याची उत्तरे दाणा ठेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतात. ती पाहिली गेली नाहीत तर दयेतून केलेली कृती अपायकारकही ठरू शकते. या प्रश्नाचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाश्चात्त्य पद्धती आणि आपला ऋतू

अंगणातील दाणापात्राची आधुनिक पद्धत प्रामुख्याने ब्रिटन, युरोपचा उत्तर भाग आणि उत्तर अमेरिका येथे रुजली. त्यामागे तेथील हिवाळा आहे. दिवस लहान, रात्र दीर्घ आणि जमीन बर्फाने झाकलेली अशा स्थितीत लहान पक्ष्याला रात्र काढण्याइतकी चरबी दिवसाच्या थोड्या तासांत मिळवावी लागते. अशा वेळी सूर्यफुलाचे तेलयुक्त बी किंवा शेंगदाणा हा त्याला खरोखरीचा आधार ठरतो.

महाराष्ट्रातील स्थिती निराळी आहे. आपल्याकडील हिवाळा हा गवताच्या बियांचा आणि सुगीचा काळ. पावसाळ्यात कीटक मुबलक असतात. पक्ष्यांची खरी ओढाताण होते ती चैत्र-वैशाखात, आणि तीही मुख्यतः पाण्यासाठी. म्हणून दाणापाणी या आपल्या जोडशब्दातील दुसरे पद आपल्या हवामानात अधिक महत्त्वाचे मानावे लागेल. धान्याचे पात्र केवळ धान्य खाणाऱ्यांना बोलाविते. पाण्याचे पसरट भांडे मात्र बुलबुल, दयाळ, साळुंकी, सातभाई, शिंपी, तांबट, होला अशा अगदी भिन्न आहाराच्या पक्ष्यांना एकत्र आणते. निरीक्षक आणि छायाचित्रकार या दोघांच्याही दृष्टीने हा लाभ मोठा आहे.

अंगणातील निरीक्षणातून मिळालेले ज्ञान

घरच्या खिडकीतून केलेल्या निरीक्षणाला शास्त्रीय मोल आहे का, अशी शंका घेतली जाते. या शंकेचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांच्या अनुभवाने दिले आहे. ब्रिटनमधील रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स या संस्थेने १९७९ मध्ये बागेतील पक्ष्यांची वार्षिक गणना सुरू केली. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेने १९९५ पासून बागांतील पक्ष्यांच्या साप्ताहिक नोंदींचा उपक्रम चालविला. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९७६ मध्ये आरंभ झालेली दाणापात्रांवरील गणना १९८७-८८ च्या हिवाळ्यापासून कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या सहकार्याने संपूर्ण उत्तर अमेरिकेत विस्तारली. ती ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ या नावाने ओळखली जाते. या सर्व उपक्रमांतील निरीक्षक प्रामुख्याने शिक्षक, गृहिणी, निवृत्त कर्मचारी, विद्यार्थी असे सामान्य नागरिक आहेत.

या नोंदींतून जे हाती आले ते लक्षणीय आहे. जर्मनी व ऑस्ट्रिया येथे वीण करणारा ब्लॅककॅप हा लहान पक्षी पूर्वी हिवाळ्यात नैर्ऋत्येस, स्पेनच्या बाजूला जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यातील काही पक्षी ब्रिटनमध्ये हिवाळा काढू लागले. पीटर बर्टहोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की, प्रवासाच्या दिशेतील हा बदल आनुवंशिक आहे. पुढे २०१५ मध्ये बागांतील नोंदींच्या अभ्यासातून या बदलाचा संबंध सौम्य झालेल्या हिवाळ्याशी आणि बागांमध्ये मिळणाऱ्या अन्नाशी असल्याचे दिसून आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ब्रिटनमधील ग्रेट टिट पक्ष्यांची चोच नेदरलँड्समधील त्याच जातीच्या पक्ष्यांपेक्षा लांब असल्याचे आणि लांब चोचीशी निगडित जनुकरूप असलेले पक्षी दाणापात्रावर अधिक वेळा येत असल्याचे आढळले.

याचा अर्थ असा की, खिडकीबाहेर टांगलेले पात्र पक्ष्यांच्या स्थलांतरावर आणि कदाचित त्यांच्या शरीररचनेवरही परिणाम घडवू शकते. मूठभर दाण्यांचा परिणाम मूठभरच असतो ही समजूत त्यामुळे टिकत नाही. लाखो घरांतील मुठी एकत्र आल्या की ती एक नैसर्गिक शक्ती बनते.

पात्रातून पसरलेला रोग

या शक्तीची दुसरी बाजू ब्रिटनमधील ग्रीनफिंच या पक्ष्याच्या वाट्याला आली. ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी पारवे व होले यांच्यामध्ये फार पूर्वीपासून ज्ञात आहे. २००५ मध्ये तो ब्रिटनमधील फिंच कुळातील पक्ष्यांत आढळला आणि २००६ मध्ये त्याची साथ पसरली. हा परजीवी पक्ष्याच्या घशात व अन्ननलिकेच्या वरच्या भागात वाढतो. तेथे सूज व गाठी येतात आणि पक्ष्याला गिळता येत नाही. भुकेलेला पक्षी दाणा उचलतो, चोचीत घोळवितो आणि लाळेसह पुन्हा पात्रात टाकतो. तोच ओला दाणा दुसरा पक्षी उचलतो. म्हणजे रोगाचा प्रवास नेमका त्याच ठिकाणी घडतो, जेथे आपण दयेने दाणा ठेवलेला असतो. ओलाव्यात हा परजीवी काही काळ टिकतो, कोरडे झाल्यावर तो मरतो, ही बाब प्रतिबंधाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या साथीनंतर तीन-चार वर्षांत ब्रिटनमधील वीण करणाऱ्या ग्रीनफिंचची संख्या सुमारे ४३ लाखांवरून सुमारे २८ लाखांवर आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील मूल्यमापनात हा एकेकाळचा नित्याचा पक्षी सुरक्षित गटातून थेट सर्वाधिक चिंतेच्या तांबड्या यादीत गेला. २०२५ च्या आरंभी, वर उल्लेखिलेल्या रॉयल सोसायटीने सपाट पृष्ठभागाच्या दाणापात्रांची विक्री खबरदारी म्हणून थांबविली.

अमेरिकेतही असाच अनुभव आला. १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील लोकांना आपल्या दाणापात्रावरील हाउस फिंच पक्ष्यांचे डोळे सुजलेले, चिकटलेले दिसले. तो कोंबड्यांमध्ये आढळणाऱ्या एका जिवाणूचा संसर्ग होता. हा रोग प्रथम लक्षात आला तो खिडकीत बसून पाहणाऱ्यांच्या, आणि त्याच्या पुढील प्रसाराचा मागोवा घेण्याचे काम त्याच निरीक्षकांच्या नोंदींनी केले. रोगाचा प्रसार दाणापात्रांमुळे सुलभ झाला आणि त्याचे ज्ञानही दाणापात्रांवरील निरीक्षणामुळेच झाले. या दोन उदाहरणांतून लेखाचे मुख्य सूत्र स्पष्ट होते. केवळ दाणा ठेवणे आणि न पाहणे हा या व्यवहारातील सर्वांत धोक्याचा भाग होय.

आपल्याकडील चित्र : पारवा आणि चिमणी

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. सज्जात धान्य ठेवणाऱ्या बहुतेकांची अपेक्षा चिमणी यावी अशी असते आणि येतो मात्र पारवा. याचे कारण दोन्ही पक्ष्यांच्या जीवनक्रमात आहे. पारवा मूळचा कडेकपारीत राहणारा. बहुमजली इमारतींचे कठडे व वातानुकूलन यंत्रांच्या मागील पोकळ्या त्याला कड्यासारख्याच सोयीच्या वाटतात. तो वर्षातील बहुतेक काळ वीण करू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नर व मादी दोघेही आपल्या अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा पौष्टिक स्राव पिलांना भरवितात. त्यामुळे पिलांसाठी कीटक शोधण्याची त्यांना गरज पडत नाही. आपण टाकलेल्या धान्याचे रूपांतर जवळजवळ थेट नव्या पारव्यांत होते.

चिमणीचे तसे नाही. मोठी चिमणी धान्य खात असली तरी पिलांना पहिल्या दिवसांत ती प्रामुख्याने अळ्या व कीटक भरविते. भोवताली झुडपे, गवत, माती नसेल तर कीटक नसतात आणि धान्य कितीही असले तरी पिले वाढत नाहीत. शिवाय तिला घरट्यासाठी लहान भोके, वळचणी लागतात. म्हणून धान्य हे चिमणीच्या प्रश्नाचे अपुरे उत्तर आहे, आणि पारव्यांच्या संख्येला मात्र ते खतपाणी घालते.

भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२० मधील राष्ट्रीय अहवाल या संदर्भात उद्बोधक आहे. पक्षिनिरीक्षकांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदविलेल्या माहितीवर आधारलेल्या या अहवालानुसार चिमणीची संख्या देशभराचा विचार करता साधारण स्थिर आहे, परंतु मुंबईसह सहा महानगरांत ती घटली आहे. त्याच मालिकेतील २०२३ च्या अहवालासाठी ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींचे मूल्यमापन झाले. त्यात वाढत्या संख्येच्या पक्ष्यांमध्ये पारव्याचा समावेश आहे. चिमणी सर्वत्र नाहीशी होत आहे ही भावना आणि ती नेमकी कोठे घटत आहे हे ज्ञान, यांतील अंतर अशा साध्या नोंदींनीच भरून काढले.

पारव्यांच्या प्रश्नाने मुंबईत २०२५ मध्ये तीव्र रूप धारण केले. पारव्यांच्या विष्ठेतील व पिसांतील सूक्ष्म कण दीर्घकाळ श्वसनावाटे गेल्यास काही व्यक्तींच्या फुप्फुसांना अतिसंवेदनशीलताजन्य दाह होतो व तो गंभीर ठरू शकतो, हे वैद्यकशास्त्रास ज्ञात आहे. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने मुंबई महानगरपालिकेस शहरातील ५१ कबुतरखाने बंद करण्याविषयी निर्देश दिले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्टमध्ये दादर येथील कबुतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला आणि त्यावरून आंदोलनही झाले. जीवदया हे ज्यांचे धर्मकर्तव्य आहे त्यांच्या भावनेचा आदर राखूनही असे म्हणावे लागेल की, दया ज्या जीवावर करावयाची त्याच्या जीवनक्रमाचे ज्ञान हे त्या दयेचे अंगच आहे.

पात्र, पाणी आणि स्वच्छता

वरील विवेचनावरून व्यवहारात काय करावे याची दिशा मिळते. प्रथम पाणी. मातीचे पसरट, खडबडीत, उतरत्या काठाचे भांडे उत्तम. खोली दोन ते तीन सेंटिमीटर पुरे. भांडे खोल असल्यास त्यात एखादा दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्याला उभे राहता येते. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे. डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास आठवड्याच्या आसपास अवधी लागत असल्याने रोज पाणी बदलणाऱ्याच्या घरी या भांड्यात डास होण्याची भीती राहत नाही.

धान्य ठेवावयाचे असल्यास बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी असे बारीक धान्य थोडे ठेवावे, इतके की ते काही वेळात संपावे. पपई, केळे, पेरू यांच्या फोडी बुलबुल व तांबट यांना आवडतात, परंतु त्या संध्याकाळी उचलाव्यात. शेव, फरसाण, बिस्किटे, पाव यांतील मीठ, तेल व मसाला पक्ष्यांना योग्य नाही. पावसाळ्यात धान्य ओले होऊन बुरशी धरते आणि त्या दिवसांत निसर्गात अन्नही भरपूर असते. म्हणून त्या काळात धान्य बंद ठेवणेच श्रेयस्कर.

पात्र आठवड्यातून किमान एकदा रिकामे करून धुवावे. नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीचचे द्रावण मिसळून त्यात पात्र दहा मिनिटे बुडवून ठेवावे, स्वच्छ पाण्याने खळबळून कडक उन्हात पूर्ण वाळवावे. ऊन हे आपल्याकडील फुकटचे जंतुनाशक आहे. पारव्यांची गर्दी होऊ लागली तर धान्य थांबवून केवळ पाणी चालू ठेवावे.

जागेचाही विचार हवा. काचेत उमटलेले झाडाचे प्रतिबिंब खरे समजून पक्षी त्यावर आदळतात. पात्र खिडकीपासून एक मीटरच्या आत ठेवल्यास पक्ष्याला वेग घेण्यास वाव मिळत नाही, अथवा ते दहा मीटरहून दूर असावे. झुडूप सुमारे तीन मीटर अंतरावर असावे, म्हणजे शिक्रा आला तर आसरा मिळतो आणि मांजराला दबा धरण्यास जागा मिळत नाही.

या सर्वांपेक्षा अधिक टिकाऊ दाणापात्र म्हणजे झाड. वड, पिंपळ, उंबर यांची फळे तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंकी यांना पोसतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की मधासाठी शिंजीर आणि इतर अनेक पक्षी येतात. या झाडांवर कीटकही असतात, जे कोणत्याही बाजारात विकत मिळत नाहीत.

छायाचित्र : आनंद आणि पुरावा

अंगणातील छायाचित्रणाचा मोठा लाभ असा की, पक्षी ठरावीक जागी येतो आणि निरीक्षक घरात बसून राहू शकतो. पाण्याच्या भांड्याजवळ एक वाळकी फांदी रोवली की पक्षी बहुधा आधी तिच्यावर बसून कानोसा घेतो. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असावा, सकाळचे ऊन पाठीमागून यावे, पार्श्वभूमी दूर असावी. बसलेल्या पक्ष्यासाठी एका सेकंदाचा २५० वा भाग इतका उघडझाप वेग बहुधा पुरतो, पंख झटकणाऱ्या वा उडणाऱ्या पक्ष्यासाठी १००० वा भाग किंवा त्याहून अधिक वेग लागतो. साध्या भ्रमणध्वनीचा कॅमेरा दुर्बिणीच्या नेत्रकाचेला लावूनही ओळख पटण्याइतके चित्र मिळते.

सुंदर छायाचित्र आणि उपयुक्त छायाचित्र या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात. ठिपकेवाला होला आणि तपकिरी होला यांतील भेद पाहावयाचा तर मान दिसली पाहिजे. पहिल्याच्या मानेमागे काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके असतात, दुसऱ्याच्या मानेच्या बाजूंस तांबूस-काळी नक्षी असते. म्हणून बाजूने, पाठीमागून, शेपटीसह अशी तीन-चार चित्रे घ्यावीत. कॅमेऱ्यातील दिनांक व वेळ अचूक लावलेली असावी. दिनांक नसलेले छायाचित्र केवळ शोभेचे उरते.

या संदर्भात प्रस्तुत लेखिकेचा एक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. घरामागील परसात ठेवलेल्या धान्यावर रोज होले येत. शेपटीतील एक पीस वाकडे असलेला त्यांतील एक होला छायाचित्रांत सहज ओळखू येई. चांगली चित्रे निवडण्यासाठी महिनाभराची छायाचित्रे क्रमाने पाहत असता असे लक्षात आले की, शेवटच्या आठ दिवसांतील प्रत्येक चित्रात तो पिसे फुलवून, मान आत ओढून बसलेला आहे आणि त्याच्या चोचीभोवतीचा भाग ओलसर आहे. त्या आठही दिवशी त्याला समोर पाहिले होते. त्याच्या जवळ येऊ देण्याचे कौतुकही वाटले होते. तो धीट झाला नव्हता, दुबळा झाला होता. परीक्षांच्या कामामुळे त्या काळात पात्र धुतले गेले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून धान्य बंद केले, पात्र धुऊन वाळविले. तो होला पुन्हा दिसला नाही. त्याला नेमके काय झाले होते हे तपासणीअभावी सांगता येत नाही. परंतु डोळ्यांनी जे पाहूनही पाहिले नाही ते क्रमाने लावलेल्या छायाचित्रांनी दाखविले, आणि तेही उशिरा. त्यानंतर पात्र धुण्याचा वार ठरवून तो नोंदवहीत लिहिला जाऊ लागला.

छायाचित्राला मर्यादाही आहेत. धीट व रंगीत पक्ष्यांची चित्रे अधिक निघतात, लाजाळू पक्षी वगळले जातात. न आलेल्या पक्ष्याचे तर छायाचित्रच नसते. आज एकही चिमणी आली नाही, ही नोंद केवळ वहीतच करता येते आणि अभ्यासाच्या दृष्टीने तिचे मोल आलेल्या चिमणीइतकेच असते.

छायाचित्रणातील संयमाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. घरट्याजवळ जाऊन, फांद्या तोडून किंवा पिलांना हलवून चित्रे घेऊ नयेत. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे. ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्याला बोलाविणे, जिवंत भक्ष्य बांधून शिकारी पक्ष्याला आकर्षित करणे हेही वर्ज्य मानावे.

नोंदीची पद्धत आणि महाविद्यालयाची भूमिका

नोंद सोपी असेल तरच ती टिकते. दिनांक, निरीक्षणाचा आरंभ व शेवट, हवामान, पक्ष्याची जात, संख्या, ठेवलेले अन्न आणि विशेष वर्तन इतके रकाने पुरेत. संख्येबाबत फीडरवॉचमधील एक नियम अनुकरणीय आहे. एखाद्या जातीचे एका वेळी एकत्र दिसलेले सर्वाधिक पक्षी हीच त्या जातीची संख्या धरावी. दिवसभरात चार वेळा दिसलेला एकच बुलबुल चार वेळा मोजला जाण्याची चूक त्यामुळे टळते. अर्थात दाणापात्रावरील संख्या म्हणजे त्या परिसरातील एकूण संख्या नव्हे. एकाच जागी, एकाच पद्धतीने, अनेक वर्षे केलेल्या नोंदींची परस्पर तुलना हाच तिचा खरा उपयोग होय.

महाविद्यालय हे या कामासाठी अनुकूल स्थान आहे. व्यक्तीचे घर बदलते, संस्थेचा परिसर तोच राहतो. विद्यार्थ्यांची नवी तुकडी दरवर्षी येते आणि नोंदवही पुढे जाते. ग्रंथालयाच्या मागे किंवा वनस्पतिशास्त्र विभागाच्या बागेत पाण्याची दोन भांडी ठेवण्यास खर्च नगण्य येतो. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने ओळख पटवावी, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने सारणी करावी, मराठीच्या विद्यार्थ्याने पक्ष्यांची स्थानिक नावे गोळा करावीत, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने परिसरातील दाणा टाकण्याच्या प्रथांची माहिती घ्यावी. स्थानिक नावांचे काम किती मोलाचे आहे हे मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’ने दाखवून दिले आहे. अनेक विद्याशाखांना एका भांड्याभोवती आणणारा असा उपक्रम क्वचितच सापडेल.

या उपक्रमास तयार चौकटही उपलब्ध आहे. अंगणातील पक्ष्यांची जागतिक गणना दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस होते. ती १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि २०१३ पासून भारतीय निरीक्षक तीत सहभागी होत आहेत. किमान १५ मिनिटे पाहून यादी नोंदविणे एवढीच तिची अट आहे. भारतात याच दिवसांत शैक्षणिक संस्थांच्या परिसरांतील पक्षिगणनाही होत आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून घोषित केला. ५ नोव्हेंबर हा चितमपल्ली यांचा व १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. भित्तिपत्रक आणि भाषण यांपुढे जाऊन या सप्ताहात वर्षभराच्या नोंदींचे वाचन झाले, तर तो अधिक अर्थपूर्ण होईल.

आरोग्याची खबरदारी मात्र आधी घ्यावी. भारतात पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कोंबड्यांत झाला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मृत कावळ्यांमध्ये हाच रोग आढळला. मृत वा आजारी पक्षी उघड्या हाताने उचलू नये, एकाहून अधिक पक्षी मृत आढळल्यास पशुसंवर्धन विभागास कळवावे आणि दाणापाणी थांबवावे, ही सूचना भांड्याशेजारी लावलेली असावी.

समारोप

अंगणात दाणापाणी ठेवणे ही आपल्या संस्कृतीतील सुंदर गोष्ट आहे आणि ती टिकावी. तथापि परंपरेतील देणे मूठभर व ऋतूपुरते होते, आजचे देणे बारमाही व अमर्याद झाले आहे, हा भेद ओळखावा लागेल. ग्रीनफिंचचा ऱ्हास, हाउस फिंचचे सुजलेले डोळे आणि मुंबईतील पारव्यांची गर्दी या तिन्ही गोष्टी देणाऱ्यांच्या सद्भावनेतूनच उद्भवल्या किंवा तिच्यामुळे वाढल्या. त्यांचे ज्ञान झाले ते पाहणाऱ्यांमुळे. म्हणून दाणा कमी, पाणी नित्य, पात्र स्वच्छ, नोंद नियमित आणि छायाचित्र दिनांकित, एवढे पथ्य प्रत्येक दात्याने पाळावे. नोंद ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे हे अध्यापकाचे नित्याचेच काम आहे. त्याचा आरंभ विभागाच्या खिडकीबाहेर ठेवलेल्या एका मातीच्या भांड्यापासून आणि शेजारी टांगलेल्या एका वहीपासून करता येईल.